पावसाळ्यात घरचे कंपोस्ट बिघडू नये म्हणून

पावसाळा तोंडावर आला की घरच्या बागेसाठी कंपोस्ट करणाऱ्यांनी आधी एक काम उरकावे: वाळलेला पाला गोळा करून कोरड्या जागी भरून ठेवावा. पाऊस लागला की ओला माल उदंड मिळतो. गवत वाढते, तण माजते, छाटणी निघते, स्वयंपाकघरातला ओला कचरा तर रोजचाच. वाळका पाला मात्र तेव्हा शोधूनही सापडत नाही आणि सापडलाच तर भिजलेला असतो. ढिगाला वास सुटला, अळ्या पडल्या, खालून काळे पाणी गळू लागले, या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच उणीव असते.

पाला किती लागेल, याचा हिशेब सोपा आहे. १० किलो ओल्या कचऱ्याला साधारण ४ किलो वाळलेला पाला. ओल्या कचऱ्यात सुमारे ८० टक्के पाणी असते आणि नत्र (नायट्रोजन) भरपूर असते. पाल्यात पाणी जेमतेम १५ टक्के आणि कर्ब (कार्बन) जास्त. या प्रमाणात मिसळले की कर्ब-नत्र गुणोत्तर ३०:१ च्या आसपास येते आणि ओलही ६० टक्क्यांच्या घरात राहते. म्हणजे एकाच मापात दोन्ही गोष्टी साधतात. रोज वजन करणे जमत नसेल तर बादलीने मोजा: एक बादली ओला कचरा, तीन बादल्या पाला (न दाबता). रोज १ किलो ओला कचरा निघणाऱ्या घराला चार महिन्यांसाठी ५० किलो पाला हवा. एक गोणी भरून वजन करा, म्हणजे अशा किती गोण्या लागतील ते कळेल. ऐकायला हे फार वाटते, पण पाला हलका असतो आणि जागा असेल तर जास्त साठवल्याने काहीच बिघडत नाही.

पाला संपलाच तर फाडलेला साधा पुठ्ठा आणि चुरलेल्या वाळक्या काड्या चालतात. लाकडाचा भुसा जपून वापरा. त्यात नत्राच्या मानाने कर्ब शेकडो पट असतो, त्यामुळे भुसा जास्त झाला की ढीग थंड पडतो. शिवाय तो दाबून बसतो आणि हवा अडवतो. प्लायवूडचा किंवा रंग, औषध लावलेल्या लाकडाचा भुसा अजिबात नको.

खड्डा नको, जमिनीच्या वर ढीग करा

कोरड्या दिवसांत खड्डा ओल धरून ठेवतो, म्हणून तो बरा. पावसाळ्यात त्याच खड्ड्यात पाणी साचते. जमिनीला जसा वाफसा लागतो तसा ढिगालाही लागतो: ओल हवी आणि कणाकणांत हवाही हवी. पोकळ्या पाण्याने भरल्या की हवेवर जगणारे जिवाणू मरतात आणि कुजण्याऐवजी सडणे सुरू होते.

उंचवट्यावर, झाडाच्या खोडापासून दूर, मातीवरच जागा धरा. फरशीवर ढीग लावला तर निचरा होत नाही. तळाला अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांद्या आडव्यातिडव्या टाकून १० ते १५ सेंटिमीटरचा थर करा. हा थर पुष्कळजण गाळतात आणि पुढे ढीग तळातून सडतो. ढिगाची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी किमान १ मीटर ठेवा. त्याहून लहान ढिगात तयार झालेली उष्णता टिकत नाही. दीड मीटरपेक्षा उंच केला तर स्वतःच्याच वजनाने तो दबतो.

वरून ताडपत्री घालताना एक चूक हमखास होते: ती चारी बाजूंनी घट्ट गुंडाळली जाते. पाऊस अडतो, पण हवाही अडते. ताडपत्री बांबूंवर छपरासारखी उतरती बांधा आणि बाजू मोकळ्या सोडा. उघडा ढीग ठेवला तर पावसाच्या पाण्याबरोबर नत्र आणि पालाश (पोटॅश) वाहून जाते. गळणारे ते तपकिरी पाणी म्हणजे खतातलाच कस आहे.

थर लावा, पण थरांत ठेवू नका

ओला-सुका असे थर लावणे हे फक्त मोजमापासाठी. लावून झाले की पंजाने मिसळून घ्या. ताजे कापलेले गवत ५ सेंटिमीटरपेक्षा जाड टाकले तर दोन दिवसांत त्याची घोंगडी होते. वरची पात कोरडी दिसते, आतले गवत चिकट, हिरवट-काळे आणि आंबूस वासाचे. असा थर सापडला तर तो फोडून पाल्यात मिसळा. मोठे तुकडे २ ते ५ सेंटिमीटरचे करा. त्याहून बारीक केले तर ढिगात पोकळी उरत नाही, त्यामुळे मिक्सरमध्ये कचरा वाटून टाकण्याचा खटाटोप उलट नुकसान करतो.

स्वयंपाकघरातला कचरा वर कधीच उघडा टाकू नका. मध्यभागी खळगा करा, त्यात टाका, हलवा आणि वर हातभर पाला ओढा. चिलटे, माश्या आणि उंदीर यांचा निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

विरजणासाठी दोन घमेली जुने तयार कंपोस्ट पुरे. वेगळी कल्चर पावडर लागतेच असे नाही, कारण कुजवणारे जीव पाल्यावर आणि मातीत आधीच असतात. त्यांना हवा, ओल आणि योग्य मिश्रण मिळाले नाही तर पावडरही काही करू शकत नाही.

ओल आणि उष्णता तपासणे

ढिगात कोपरापर्यंत हात घालून (हातमोजा घालून) मूठभर माल काढा आणि जोरात पिळा. बोटांच्या फटीत दोन-चार थेंब दिसले तर ओल ठीक. धार लागली तर पाणी जास्त आहे. मूठ उघडताच माल भुरभुर सुटला तर कमी. पावसाळ्यातही ढिगाचे पोट कोरडे सापडू शकते, कारण आतल्या उष्णतेने पाणी उडते आणि वर ताडपत्री असते. म्हणून वरून पाहून ठरवू नका.

उष्णतेसाठी लोखंडी सळई मध्यभागी खोचून १० मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर ढीग चांगला तापला आहे. चांगल्या ढिगाचे पोट ३ ते ५ दिवसांत ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. ७० अंशांच्या वर गेले तर उपयोगी जीवही मरतात. तेव्हा लगेच पलटा. पहिला महिना आठवड्यातून एकदा आणि पुढे सळई कोमट लागेल तेव्हा ढीग पलटा. पलटताना बाहेरचा माल आत आणि आतला बाहेर गेला पाहिजे. नुसते वरवर उकरण्याला पलटणे म्हणत नाहीत.

वासावरून बिघाड ओळखता येतो. नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास आला तर नत्र जास्त झाले आहे: पाला मिसळा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर हवा संपली आहे: ढीग पूर्ण मोकळा करा, जाड काड्या आणि पाला घालून पुन्हा रचा. यांपैकी कोणत्याही वासावर चुना टाकू नका. चुन्याने सामू (पीएच) वाढतो आणि उरलेसुरले नत्र अमोनिया होऊन उडून जाते. राखेचेही तेच, म्हणून ती चिमटीच्या हिशेबानेच टाकावी. आतल्या तापलेल्या पाल्यावर राखेसारखी पांढरी भुकटी दिसली तर मात्र घाबरू नका. ते ॲक्टिनोमायसिटीज नावाचे जिवाणू आहेत, काडीतला कठीण भाग तेच फोडतात आणि तयार खताला येणारा पहिल्या पावसासारखा मातीचा वासही त्यांचाच.

ढिगात काय जाऊ नये

मांस, मासे, दूध-तुपाचे पदार्थ आणि तेल घरच्या ढिगात नको, कुत्र्या-मांजरांची विष्ठा तर मुळीच नको. तिच्यातून माणसाला बाधणारे परजीवी भाजीच्या वाफ्यात जातात. रोगट झाडे आणि बी धरलेले तण यांचा धोका जास्त फसवा आहे. तणाचे बी मरायला ढीग ५५ अंशांच्या वर निदान १५ दिवस राहावा लागतो आणि त्या काळात ५ वेळा पलटावा लागतो. घरचा छोटा ढीग तितका तापेलच याची खात्री नसते. म्हणून फुलोऱ्याआधी उपटलेलेच तण घाला. हरळी आणि लव्हाळा यांचे कांड्या-गाठी धरलेले भाग कडक उन्हात पूर्ण वाळवल्याशिवाय घालू नका. ओल्या ढिगात त्या जगतात आणि खताबरोबर बागभर पसरतात.

तणनाशक फवारलेले गवत किंवा पेंढा टाळाच. क्लोपायरालिड, अमिनोपायरालिड यांसारखी तणनाशके ढिगातल्या उष्णतेने लवकर मोडत नाहीत. त्यांचा अंश उरलेले खत घातले की टोमॅटो आणि शेंगवर्गीय रोपांचे शेंडे पिळवटतात, पाने कपासारखी वळतात. एकदा वाफ्यात गेलेले हे खत परत काढता येत नाही, म्हणून बाहेरून गवत घेताना आधी विचारून घ्या.

अळ्या आणि कच्चे खत

ओल्या कचऱ्यात वळवळणाऱ्या चपट्या करड्या अळ्या ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात. त्या कचरा खातात, झाडाला त्रास देत नाहीत. कचरा उघडा पडला आहे एवढेच सांगतात. इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या, जाड, पांढऱ्या अळ्या मात्र चाळताना वेचून काढा. त्या हुमणीच्या असल्या तर कुंडीतली मुळे कुरतडतात. गांडुळे सोडायची असतील तर ढीग पूर्ण थंड झाल्यावरच सोडा; ३५ अंशांपुढे ती तग धरत नाहीत.

नियमित पलटलेला ढीग २ ते ४ महिन्यांत तयार होतो, न पलटलेला ६ ते १२ महिने घेतो. काळा रंग आला म्हणजे खत झाले असे नाही. ओलसर खत पिशवीत हवाबंद करून ७ दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला तर ते कच्चे आहे. आणखी खात्री हवी असेल तर खतात मुळ्याचे २० दाणे पेरा आणि शेजारी साध्या मातीत २०. खतातली उगवण स्पष्टपणे कमी दिसली तर आणखी ३-४ आठवडे थांबा. कच्चे खत मातीतले नत्र स्वतःच्या कुजण्यासाठी ओढते, त्यामुळे झाडे पिवळी पडतात.

तयार खत कुंडीच्या मिश्रणात चौथ्या हिश्श्यापर्यंत घाला. वाफ्यावर २ ते ५ सेंटिमीटर पसरा, खोडाला मात्र चिकटू देऊ नका. चाळणीवर उरलेल्या जाड काड्या टाकू नका. पुढच्या ढिगाच्या तळाला त्याच घाला. विरजण त्यांच्यावर आधीच लागलेले असते.