मोरचुदापासून गडद निळे स्फटिक कसे वाढवावेत

गोव्यातल्या फोंडा-सत्तरीकडच्या कुळागरांना, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांना, मोरचूद (कॉपर सल्फेट) नवा नाही. सुपारीवर फळं सडवणारा कोळेरोग येऊ नये म्हणून 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना 100 लिटर पाण्याला, असं बोर्डो मिश्रण पावसाच्या तोंडावर फवारतात. याच मोरचुदातलं तांबं अमोनियाला कसं धरून बसतं, ते स्फटिकात बघण्यासारखं आहे. प्रयोग मात्र कॉलेजच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर, चष्मा-हातमोजे घालून आणि धूर ओढणाऱ्या कपाटातच करा. तीव्र अमोनिया घरात उघडू नये.

प्रयोगशाळेतला शुद्ध मोरचूद 2 ग्रॅम घ्या आणि 6 मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवा. आता लिकर अमोनिया (अमोनियाचं तीव्र द्रावण) थेंबाथेंबाने घाला. आधी फिकट निळा साका येईल. थांबू नका. साधारण 4 मिलिलिटरपर्यंत साका विरघळून द्रावण शाईसारखं गडद होतं.

ते मोठ्या परीक्षानळीत ओता. पुढचं काम घाईचं नाही. नळी तिरकी धरा आणि ड्रॉपरने 10 मिलिलिटर स्पिरिट (इथेनॉल) काचेच्या कडेवरून हळूहळू सोडा, म्हणजे ते वर तरंगत राहील. जवळपास ज्योत नको. पहिल्या खेपेला मी ते एकदम ओतलं आणि तळाशी नुसती भुकटी बसली. बूच लावून नळी न हलवता ठेवा. काही दिवसांत दोन थरांच्या सीमेखाली सुईसारखे स्फटिक दिसू लागतात.

आत काय घडलं? मूळ मोरचुदात तांब्याजवळ पाण्याचे चार रेणू असतात आणि सल्फेटचे दोन ऑक्सिजन जरा लांब. अमोनियाने त्या चार पाण्यांच्या जागा घेतल्या. नव्या स्फटिकात चार नायट्रोजन चौकोनाच्या कोपऱ्यांवर, तांब्यापासून सुमारे 2 अँगस्ट्रॉमवर (1 अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) बसतात, तर पाण्याचा एक रेणू शिखरावर, त्यांच्याहून दूर. चौकोनी तळाचा मनोराच म्हणा. काही शेजारी जवळ, काही दूर, ही ओढाताण तांब्याच्या 9 डी-इलेक्ट्रॉनांच्या (बाहेरच्या डी-कक्षकांतल्या इलेक्ट्रॉनांच्या) असमान वाटणीतून येते. जान आणि टेलर या शास्त्रज्ञांनी 1937 मध्ये या परिणामाचं मूळ सांगितलं.

अमोनियाऐवजी इथिलीनडायअमाइन घेतलं, तर एकच रेणू दोन नायट्रोजनांनी तांब्याला चिमटीत पकडतो.

स्फटिक गाळून थोड्या स्पिरिटने धुवा, तापवू नका, लगेच घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. उघडे राहिले तर अमोनिया उडून ते फिके पडतात. उरलेलं निळं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, तांबं माशांना मारक आहे. ते टाकाऊ द्रावणांच्या बाटलीत जमा करा.