वेबर वाचायचाय? मागीलदारानं आत शिरा

एमए सोशिऑलॉजीला मार्क्स-डर्कहाइम-वेबर ह्या समाजशास्त्राच्या तीन मोठ्या विचारवंतांच्या नोट्स पाठ करायच्या आणि पेपरात 'सत्ता आणि आधुनिकता' आलं की गांगरायचं, रत्नागिरीत बसून मीपण हेच केलंय. म्हणून सांगतो, ओटीवरून नको, मागीलदारानं शिरा, म्हणजे ह्या लोकांनी ज्यांना वाचलं त्या तत्त्वज्ञांकडून.

आधी हेगेल, जर्मन तत्त्वज्ञ. १८०७ चं त्याचं 'फिनॉमेनॉलॉजी ऑफ स्पिरिट' आख्खं वाचायला जाल तर डोकं फिरेल, फक्त मालक-दासाचा भाग घ्या आणि वाचताना अलिबागजवळचं चरी डोळ्यासमोर ठेवा. १९३३ ते १९३९ तिथल्या कुळांनी संप करून खोतांच्या, म्हणजे कोकणातल्या वतनदार जमीनमालकांच्या, जमिनी कसल्याच नाहीत. खोताचा रुबाब उभा कशावर, तर कुळाच्या घामावर आणि त्याच्या 'होय मालक' वर, ते थांबलं की उरतं काय? हेगेलचं म्हणणं जवळपास हेच, मालकच दासावर टेकलेला, आणि दासाला राबता राबता स्वतःची ओळख पटते. (संप हेगेल वाचून झाला नाही हं, तिथे शेतकऱ्यांचे पुढारी नारायण नागू पाटील होते.)

मग फॉयरबाख, त्याचं १८४१ चं पुस्तक. माणूस आपलेच गुण देवाला चिकटवतो न मग त्याच्याच पाया पडतो. मार्क्सने १८४४ च्या टिपणांत देवाच्या जागी श्रमाची वस्तू ठेवली. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्याला, ओढणाऱ्याला वाटा मिळतो, पगारी खलाशानं जाळं भरून आणलं तरी मासळी मालकाची. परात्मता म्हणतात ती हीच, व्याख्या नंतर पाठ करा.

डर्कहाइमला एक दुपार पुरे. त्याच्या मागे रूसो, माँतेस्क्यू, थोडा कांट हे तत्त्वज्ञ. त्याला काळजी समाज एकत्र कसा राहतो ह्याची, कोण कोणाला दाबतं ह्याची कमी.

वेबरला मात्र आठवडा द्या. नवकांटवाद्यांकडून, म्हणजे कांटचा विचार नव्याने मांडणाऱ्यांकडून, खास करून रिकर्टकडून, त्याने उचललं की वस्तुस्थिती वेगळी न मूल्यं वेगळी, आणि आपल्या संकल्पना म्हणजे मोजायची पट्टी, जग नव्हे. नीत्शेकडून आली ती धास्ती, की जुनी मूल्यं ढासळल्यावर नुसता हिशेबीपणा उरला तर?

लोक सत्ता का मानतात ह्याचे वेबरने तीन प्रकार केले, आता कागदावर त्यांचे तीन रकाने आखा: परंपरा, करिष्मा, कायदा. खोत पहिल्यात. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, सातबारावाला तलाठी तिसऱ्यात. मग गावचा सरपंच टाकून बघा, निवडून आलेला, घराणं जुनं, वर भाषण असं की पालखीला थांबलेले लोकपण ऐकत राहतात. एका रकान्यात बसत नाही ना? मग पट्टी बरोबर धरलीय तुम्ही.