जीपीएस घड्याळाचं किती ऐकायचं? रनर आणि सायकलवाल्यांनो, या चुका टाळा

रविवारी पहाटे पाचला आमचा ग्रुप लाँग रनला जमतो तेव्हा नऊच्या नऊ जण एक हात आभाळाकडे करून उभे असतात, सॅटेलाइट मिळायची वाट बघत. चौकातल्या चहावाल्याला सुरुवातीला गंमत वाटायची, आता तो बघतही नाही. पळून परत आलो की पुढचा अंक सुरू. रस्ता एकच, वेळ एकच, तरी कुणाचं १७.८ किलोमीटर, कुणाचं १८.४, आणि ज्याचं १७.८ आलंय तो पार्किंगमध्ये गोल गोल चकरा मारतोय, १८ पुरे करायला. आमच्यातले काका (वय ६३, मनगटावर साधं डिजिटल घड्याळ) यांना कुणीतरी विचारलं, काका तुमचं किती आलं? म्हणाले, "माझं घर ते घर आलं."

मी स्वतः सात वर्षं जीपीएस घड्याळ वापरतोय आणि सोडणार नाहीये, आधीच सांगतो. सुरुवातीला सुसाट सुटून नंतर लंगडायची माझी सवय याच्यामुळेच सुटली, स्लो रन खरंच स्लो ठेवायला शिकलो, आणि अंधारात अनोळखी रस्त्यावर सायकल चालवताना पुढचं वळण मनगटावर दिसतं हे तर फारच सोयीचं. पण एक गोष्ट कळायला मला निदान तीन वर्षं लागली. घड्याळातले सगळे आकडे सारखे खरे नसतात. वेळ ते मोजतं. अंतर ते काढतं, म्हणजे दर सेकंदाला आपण कुठे आहोत ते ठिपके जोडून हिशोब करतं. मनगटावरचे हृदयाचे ठोके ते ओळखायचा प्रयत्न करतं. आणि व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा आकडा), रिकव्हरी टाइम, रेस प्रेडिक्शन वगैरे सगळे नुसते बांधलेले अंदाज. या क्रमाने खाली येत जा तसा भरवसा कमी करत जा. आपण नेमकं उलटं करतो, वेळेकडे कुणी बघत नाही आणि व्हीओटू मॅक्स एकने उतरला की घरच्यांशी भांडतो.

घेतानाच होणारी चूक

ऑफरमध्ये "जीपीएस स्मार्टवॉच" म्हणून काहीतरी स्वस्तात मिळतं आणि घरी आल्यावर कळतं की त्यात स्वतःचा जीपीएस नाहीच, ते खिशातल्या फोनचा जीपीएस वापरतं. त्याला कनेक्टेड जीपीएस म्हणतात. फोन घरी ठेवून पळालात तर मॅप नाही, अंतर हाताच्या हेलकाव्यावरून काढलेलं. तेव्हा स्पेसिफिकेशनमध्ये "बिल्ट-इन" लिहिलंय का ते बघूनच पैसे द्या. उलट टोकाचीही माणसं आहेत, पहिली दहा किलोमीटरची रेस पळायची आहे आणि गिर्यारोहकाचं टायटॅनियमवालं घड्याळ घेतलंय, त्यांना मी काही बोलत नाही, हौसेला मोल नाही.

सॅटेलाइट न मिळताच सुटणं

घड्याळाला जागा ठरवायला कमीत कमी चार सॅटेलाइट लागतात, आणि प्रत्येक सॅटेलाइट स्वतः नेमका कुठे आहे याची माहिती ३० सेकंदांच्या फेऱ्यात परत परत सांगत असतो. ती पूर्ण ऐकू आल्याशिवाय घड्याळाचं काम सुरू होत नाही. पण फोनशी सिंक केलेलं असलं तर येत्या काही दिवसांचं सॅटेलाइटचं वेळापत्रक घड्याळात आधीच उतरलेलं असतं आणि मग पाच-दहा सेकंदांत काम होतं. म्हणजे ज्याचं घड्याळ रोज चौकात दोन-दोन मिनिटं फिरत बसतं त्याने बहुतेक आठवडाभर सिंकच केलेलं नाही. आदल्या रात्री सिंक करा, बस. विमानाने लांब गेलात, समजा कॉम्रेड्स ही दक्षिण आफ्रिकेतली लांब पल्ल्याची रेस पळायला डर्बनला, तर हॉटेलबाहेर मोकळ्यावर पाच मिनिटं जीपीएस लावून ठेवा, रेसच्या सकाळी स्टार्टला नको.

आणि हिरवा सिग्नल आला की लगेच सुटू नका, अजून अर्धा मिनिट थांबलात तर आणखी सॅटेलाइट मिळतात आणि पहिला किलोमीटर वेडावाकडा येत नाही.

"रेसच लांब होती हो"

हे वाक्य प्रत्येक रेसनंतर ऐकू येतं. मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरच्या जागी माझ्या घड्याळात ४२.७ आलं, ऑर्गनायझरने चुकीचं मोजलंय. बहुतेक वेळा त्याने चुकीचं मोजलेलं नसतं. सर्टिफाइड कोर्स जीपीएसने मोजतच नाहीत, सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं यंत्र लावून, ती सायकल आधी मोजलेल्या पट्ट्यावर तपासून घेऊन, वळणाच्या आतल्या कडेने सगळ्यात जवळच्या रेषेवरून मोजतात. वर किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात, कोर्स चुकून कमी भरू नये म्हणून. म्हणजे मॅरेथॉनला ४२ मीटर असेच वाढले. त्यात तुम्ही ती जवळची रेषा कधीच पळत नाही, पाण्याच्या टेबलाकडे डावीकडे जाता, गर्दीत लोकांना ओलांडता, वळण बाहेरून घेता. त्याच्यावर घड्याळाची स्वतःची चूक. मुंबईत तर उंच इमारतींमधून जाताना सिग्नल थेट न येता काचेवर आपटून येतो, ३० मीटर जास्त फिरून आला की घड्याळाला वाटतं सॅटेलाइट तेवढा लांब आहे, आणि मॅपवर तुम्ही कुणाच्या तरी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पळताना दिसता.

यावर मल्टीबँड किंवा ड्युअल फ्रिक्वेन्सी हा बऱ्यापैकी उपाय आहे, घड्याळ दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि आपटून आलेला सिग्नल ओळखून बाजूला काढणं त्याला सोपं जातं. बॅटरी जास्त खातं, पण शहरात आणि घाटात चालू ठेवा. साताऱ्याच्या हिल हाफला यवतेश्वरच्या घाटात एका बाजूला डोंगराची भिंत असते, म्हणजे अर्धं आभाळ झाकलेलं, तिथे फरक स्पष्ट दिसतो. याच घाटात पॉवर सेव्हिंग जीपीएस ठेवलात तर दोन ठिपक्यांच्या मधलं अख्खं वळण गायब होतं आणि अंतर कमी भरतं. रेकॉर्डिंगची सेटिंग "दर सेकंदाला" करून ठेवा, "स्मार्ट" नको.

पण खरा तोटा कुठे होतो ते बघा. चार तासांत मॅरेथॉन करायची तर पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, लागतो ५:४१. तुम्ही घड्याळात इमाने इतबारे ५:४१ धरून पळालात, घड्याळाचं ४२.१९५ झालं, चार तास झाले, आणि फिनिश लाईन अजून अर्धा किलोमीटर पुढे. जवळजवळ तीन मिनिटं गेली. घड्याळात ४२.७ येणार हे धरून ५:३७ चा पेस दिसायला हवा होता. म्हणून रेसच्या दिवशी ऑटो-लॅप (घड्याळ आपल्या हिशोबाने दर किलोमीटरला आपणहून लॅप पाडतं ते) बंद करा आणि किलोमीटरच्या पाटीपाशी स्वतः लॅपचं बटण दाबा. पाटी आणि वेळ, एवढं दोन्ही खरं आहे, बाकी घड्याळाला काय वाटतं ते वाटू दे. टाटा मुंबई मॅरेथॉनला पेडर रोडच्या चढावर मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दर पाटीला आपण किती मागे आहोत ते अगदी नागडं दिसलं, फार आवडलं नाही, पण शेवटच्या पाच किलोमीटरचा हिशोब बरोबर लागला.

आणि तो क्षणाक्षणाला बदलणारा पेस स्क्रीनवरून काढूनच टाका. ५:१०, ५:५५, ४:४८ अशा उड्या मारतो, तुम्ही तसे पळत नसता. त्याच्या जागी लॅप पेस, म्हणजे चालू लॅपची सरासरी, लावा.

ऑटो-पॉज

म्हणजे तुम्ही थांबलात की घड्याळही आपणहून थांबतं ते. ट्रेनिंगला सिग्नलवर थांबायचं असेल तर ठीक, रेसला बंद म्हणजे बंद. पाणी प्यायला थांबलात, घड्याळ थांबलं, बिबवर किंवा बुटाला लावलेली रेसची वेळ मोजणारी चिप काही थांबत नाही. ब्रेव्हेवाल्यांनी (ठरलेल्या वेळेत लांब अंतर सायकलने पुरं करणाऱ्यांनी) तर हे भिंतीवर लिहून ठेवावं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास, यात चहा, पंक्चर, झोप सगळं धरलेलं असतं. घड्याळ दाखवतं मूव्हिंग टाइम, नुसता सायकल चालत असतानाचा वेळ, आणि तुम्ही खुशीत मिसळ खात बसता. एकूण वेळ दाखवणारी फील्ड वेगळी असते, ती पहिल्या स्क्रीनवर घ्या.

ठोक्यांचा गोंधळ

दोन वर्षांपूर्वीची थंडीची सकाळ. अगदी गप्पा मारत पळतोय आणि घड्याळ म्हणतंय ठोके १७४. मी घाबरलो, चालायला लागलो, छातीवर हात ठेवून बघितलं तर सगळं शांत. घरी येऊन ग्राफ उघडला तर केडन्सही (मिनिटाला पडणारी पावलं) १७४. म्हणजे घड्याळ ठोके मोजतच नव्हतं, माझी पावलं मोजत होतं. याला केडन्स लॉक म्हणतात आणि हे भल्याभल्यांना होतं. मनगटावरचा सेन्सर हिरवा लाईट कातडीत सोडतो आणि रक्ताच्या लाटेबरोबर परत येणारा उजेड कमी-जास्त होतो त्यावरून ठोके ओळखतो. घड्याळ सैल असलं की ते पावलागणिक हलतं, त्याचाही ताल येतो, आणि पावलांचा ताल रक्तापेक्षा ठळक निघाला की सेन्सर त्याच्याच मागे जातो. थंडीत बोटं-मनगट गार पडल्यावर तिथे रक्त कमी येतं, तेव्हा आणखी वाईट.

काय करायचं: मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर चढवून बांधा, पळताना एक घर घट्ट, नंतर सैल. सुरुवातीची दहा मिनिटं वॉर्मअप. इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून पालटून) किंवा चढाचे रिपीट असतील तर सरळ छातीचा पट्टा लावा, तो हृदयाचा विजेचा सिग्नल घेतो त्यामुळे लगेच आणि नीट दाखवतो. पट्ट्याचे इलेक्ट्रोड आधी पाण्याने ओले करा, कोरडा पट्टा लावला तर पहिले दोन किलोमीटर २१० वगैरे काहीही दाखवेल. मात्र छातीत दुखतंय, चक्कर येतेय आणि घड्याळ १३० दाखवतंय, तर थांबा आणि डॉक्टरकडे जा, तिथे घड्याळाचं ऐकायचं नाही.

दुसरी चूक झोनची, म्हणजे मेहनतीप्रमाणे पाडलेल्या ठोक्यांच्या टप्प्यांची. तुमचे जास्तीत जास्त ठोके, म्हणजे मॅक्स, काढायला घड्याळ बाय डिफॉल्ट बहुतेक २२० वजा वय करतं. ४५ वर्षांच्या माणसाला १७५. पण हे सरासरीचं गणित, एखाद्याचं खरं मॅक्स १९० असू शकतं. १७५ धरलं तर ६० ते ७० टक्क्यांचा झोन येतो १०५ ते १२२, आणि १९० धरलं तर ११४ ते १३३. म्हणजे हा बिचारा १२८ वर आरामात पळतोय आणि घड्याळ दर दोन मिनिटाला ओरडतंय, स्लो डाउन. आपल्या जोरदार रेसमध्ये पट्ट्याने दाखवलेला सर्वांत मोठा आकडा बघा आणि सेटिंगमध्ये तो हाताने टाका.

उंची

चांगल्या घड्याळांत उंचीसाठी हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर असतो. एक हेक्टोपास्कल बदल म्हणजे साधारण आठ मीटर. पावसाळ्यात दाब आपणहून बदलतो, त्यामुळे सपाट रस्त्यावर पळूनही कधी कधी टेकडी चढल्याचं श्रेय मिळतं. सिंहगडाच्या एका वारीत माझ्या मित्राचं चढणं २०० मीटरच आलं, बाकीच्यांचं सहाशेच्या आसपास, कारण सेन्सरच्या बारीक भोकांत घामाचं मीठ जमलेलं. कोमट पाण्याखाली धुवा. टाचणी घालू नका, त्याने घातली होती.

घड्याळाचे सल्ले

एप्रिल-मे मध्ये सगळ्यांचा व्हीओटू मॅक्स उतरतो, दरवर्षी, आणि दरवर्षी ग्रुपवर सुतक असतं. घड्याळ मुख्यतः पेस आणि ठोके शेजारी ठेवून बघतं. उकाड्यात त्याच पेसला ठोके वाढतात, घड्याळाला वाटतं फिटनेस गेला. पाठीवर सॅक, चिखलाचा ट्रेल, रात्रीची झोप मोडलेली, सगळ्याचा अर्थ ते तोच लावतं. मी रिकव्हरीचा "७२ तास" बघून मंगळवारचा रन कधीच रद्द करत नाही, सकाळी जिना उतरताना मांड्या काय म्हणतात ते बघतो.

स्विमिंग, चार्जिंग, सिंक

पोहणाऱ्यांनी पूलची लांबी तपासा, आपल्याकडे २५ मीटरही असतात, ५० ही आणि सोसायटीतले तर १७-१८ पण. किकबोर्डच्या फेऱ्या घड्याळ मोजत नाही कारण हात हलत नाही, ड्रिल मोडमध्ये हाताने टाका. समुद्रात हात पाण्याखाली गेला की सिग्नल तुटतो, म्हणून गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ (पोहणं, सायकल, पळणं अशी ट्रायथलॉन) साठी १.९ किलोमीटरची प्रॅक्टिस करताना मॅपवर करवतीचे दाते दिसले तर घाबरू नका.

घामेजलेलं घड्याळ तसंच चार्जरला लावू नका, मीठ आणि करंट मिळून पिना गंजतात, आधी धुवा, पुसा, वाळवा. लांब ब्रेव्हेला घड्याळ हँडलला बांधून पॉवर बँकवर ठेवता येतं, बऱ्याच मॉडेलमध्ये चार्ज होताना रेकॉर्डिंग चालू राहतं, पण घरी एकदा करून बघा. रेसच्या आठवड्यात सॉफ्टवेअर अपडेट नको.

आणि सिंक अडकलं की लोक पहिलं काम करतात ते फॅक्टरी रीसेट. अहो थांबा! रन घड्याळातच फाइल म्हणून पडलेला असतो, रीसेटने तो जातो. आधी ब्लूटूथ बंद-चालू, मग बटण १५-२० सेकंद दाबून घड्याळ नुसतं रीस्टार्ट, तरी नाही तर केबलने कॉम्प्युटरला लावून फाइल कॉपी. जुलै २०२० मध्ये गार्मिन या घड्याळाच्या कंपनीवर सायबर हल्ला होऊन सर्व्हर कित्येक दिवस बंद होते तेव्हा लोकांनी असंच काढून फाइली स्ट्राव्हा या रन-राइड शेअर करायच्या अ‍ॅपवर टाकल्या होत्या. टाकताना घराभोवतीचा भाग लपवायची सेटिंग मात्र चालू ठेवा. २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या हीटमॅपवरून (सगळ्यांचे रूट एकत्र दाखवणारा नकाशा) लष्करी तळांचे रस्ते दिसत होते, तुमची बिल्डिंग तर सहज दिसेल.

शेवटचं, फिनिश लाईनवर लगेच स्टॉपचं बटण दाबू नका. तुमचा ऑफिशियल टाइम चिपवर आहे, घड्याळ दहा सेकंद उशिरा थांबलं तर काही बिघडत नाही. माझ्या पहिल्या चारही मेडलच्या फोटोंत मी मान खाली घालून मनगटाकडे बघतोय, बायको म्हणते की बस चुकल्यासारखा दिसतोस.