ब्रँडची गोळी आणि ट्रायकेअर: आधी वही, मग फॉर्म

लेकाच्या फिटच्या गोळ्या, एका महिन्याच्या, आणि खिडकीमागच्या मुलीने सांगितलेला आकडा चार अंकी. डॉलरमध्ये. मी म्हटलं, "अहो, डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'डिस्पेन्स ॲज रिटन' लिहिलंय." ती म्हणाली, "लिहिलंय ना. पण इन्शुरन्स देत नाहीये."

तिथेच माझा पहिला गैरसमज फिटला. 'लिहिलंय तेच द्या' हा शेरा दुकानदारासाठी असतो, म्हणजे त्याने आपल्या मनाने जेनेरिक (तेच औषध, दुसऱ्या कंपनीचं, स्वस्तातलं) द्यायचं नाही. पैसे कोण भरणार याच्याशी त्या शेऱ्याचा काडीचा संबंध नाही. आमचा विमा ट्रायकेअर, म्हणजे अमेरिकन लष्करी कुटुंबांची आरोग्य योजना. तिचा नियम असा की ज्या औषधाचं जेनेरिक मिळतं, त्याचा ब्रँड वेगळी मंजुरी असल्याशिवाय मिळत नाही. मंजुरी नसेल तर पूर्ण किंमत आपल्या खिशातून.

आम्ही सॅन अँटोनिओला राहतो. नवरा अमेरिकन आर्मीतून वीस वर्षं भरून निवृत्त झाला, म्हणून आम्हाला ट्रायकेअर. इथल्या मराठी मंडळींत अशी घरं आता बरीच दिसतात आणि फोन ठरलेला असतो: "ताई, तुमचं कसं झालं ते सांगा ना." तर सांगते.

आधी आपलं कार्ड नक्की कुठलं ते बघा. लष्करातली नोकरी पूर्ण करून निवृत्त झालेल्याच्या कुटुंबाला ट्रायकेअर. निवृत्तीवेतन नाही, पण सेवेमुळे आलेलं कायमचं आणि पूर्ण अपंगत्व व्हीएने (अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने) मान्य केलंय, किंवा त्याच कारणाने माणूस गेलाय, आणि घरच्यांना ट्रायकेअर लागू होत नाही, तर चॅम्पव्हीए. दोन्ही वेगळ्या योजना आहेत. चॅम्पव्हीएत दुकानातून औषध घेतलं तर मान्य किमतीचा 25 टक्के वाटा आपला, त्याआधी वर्षाला माणशी 50 डॉलर आणि कुटुंबाला 100 डॉलर आपण भरायचे. पण त्यांची 'मेड्स बाय मेल' ही टपालाची सोय आहे, तिथे रोजच्या गोळ्या फुकट येतात. अट एकच, औषधांचा खर्च देणारा दुसरा विमा नसावा. नोकरीतून मिळालेल्या विम्यात औषधं येत असतील तर ही सोय गेलीच. खाली जे लिहितेय ते ट्रायकेअरचं.

डीअर्स नावाच्या लष्करी नोंदीत घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे ना ते बघा. लग्न, बाळ, पत्ता बदलणं, सगळं तिथे नोंदवावं लागतं. नाव नसेल तर पुढचं काहीच चालत नाही.

आता गोळीचं. ट्रायकेअरची औषधं एक्सप्रेस स्क्रिप्ट्स ही कंपनी सांभाळते. त्यांच्या साइटवर 'फॉर्म्युलरी सर्च' (योजनेच्या औषधयादीत शोधायची सोय) आहे, त्यात औषधाचं नाव टाका आणि ते कुठल्या गटात पडतं ते बघा. जेनेरिक नसलेला ब्रँड यादीत असेल तर भांडायचं कारणच नाही, ब्रँडचा कोपे (आपल्या वाट्याची ठरलेली रक्कम) भरला की झालं. कधीकधी पूर्वमंजुरी तेवढी मागतात. नॉन-फॉर्म्युलरी, म्हणजे त्या यादीबाहेरचं, असेल तर कोपे जास्त, पण डॉक्टरांनी 'मेडिकल नेसेसिटी'चा (वैद्यकीय गरजेचा) फॉर्म भरून दिला आणि तो मान्य झाला तर साध्या ब्रँडच्या कोपेत मिळतं. काही औषधं योजनेतच बसत नाहीत, तिथे पूर्ण पैसे. आणि गंमत म्हणजे काही थोड्या औषधांच्या बाबतीत ट्रायकेअर स्वतःच ब्रँड पसंत करतं आणि तो जेनेरिकच्या कोपेत देतं. त्यामुळे आधी शोधा, मग चिडा. मी उलटं केलं होतं.

आमचा प्रकार आणखी वेगळा: ब्रँड हवा आणि जेनेरिकही बाजारात आहे. लेकाला लॅमोट्रिजिन चालू होतं. दोन वर्षं एकाच कंपनीच्या जेनेरिकवर तो व्यवस्थित होता. मग दुकानाने पुरवठादार बदलला, बाटलीत वेगळी गोळी आली, आणि तीन आठवड्यांनी शाळेत फिट आली. न्यूरॉलॉजिस्टनी रक्तातली पातळी तपासली आणि आधी जुन्याच कंपनीची गोळी मिळते का ते बघायला सांगितलं. (हे विचारून बघाच. एकाच कंपनीचं जेनेरिक सलग मिळालं तर कित्येकांना ब्रँडची गरजच पडत नाही.) आमच्या दुकानात ती मिळेना. तिसऱ्या कंपनीची आली, तीही त्याला मानवली नाही. तेव्हा कुठे ब्रँडचा विषय निघाला.

फॉर्मचं नाव 'ब्रँड ओव्हर जेनेरिक' पूर्वमंजुरी. तो एक्सप्रेस स्क्रिप्ट्सच्या साइटवर मिळतो, भरायचा डॉक्टरांनी आणि पाठवायचाही त्यांच्या ऑफिसने. बहुतेक ठिकाणी फॅक्सनेच. फॅक्स मशीन अमेरिकेत दवाखान्यांनीच जिवंत ठेवलंय. त्यात विचारतात ते मुख्यतः एवढंच: जेनेरिक घेऊन पाहिलं का, आणि काय झालं? आमचा पहिला फॉर्म परत आला, कारण ऑफिसमधल्या कुणीतरी उत्तरात एकच ओळ लिहिली होती: पेशंटला ब्रँड हवा आहे. हवा असणं हे कारण होत नाही.

दुसऱ्यांदा मी वही घेऊन गेले. साधी, दोनशे पानी, लेकाच्या गणिताच्या वहीतली उरलेली पानं. त्यात असं होतं: 12 मार्च, नवी बाटली, गोळी गोल होती ती लांबट झाली, कंपनी अमुक. 2 एप्रिल, सकाळी सव्वादहाला फिट, दोन मिनिटं, शाळेच्या नर्सची चिठ्ठी चिकटवलेली. 9 एप्रिल, रक्ततपासणी. त्या नारिंगी बाटलीच्या लेबलवर अगदी बारीक अक्षरात कंपनीचं नाव किंवा त्याची आद्याक्षरं असतात, ती उतरवून घ्या. एनडीसी हा औषधाचा नंबरही लिहा, त्याचे पहिले आकडे कंपनीचे असतात. बाटली टाकण्याआधी लेबलचा फोटो काढून ठेवा. हे सगळं समोर असलं की डॉक्टरांना दोन जेनेरिक, दोन तारखा आणि दोन परिणाम असं नीट लिहिता येतं. आमचा फॉर्म त्या खेपेला मंजूर झाला.

नाही झाला तर नकाराच्या पत्रावरची तारीख बघा. तिथून 90 दिवसांत लेखी फेरविचार मागता येतो, कसा ते पत्रातच दिलेलं असतं. मंजुरीच्या पत्रातही ती कधीपासून आणि किती काळ आहे ते वाचा. मुदत असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांना आठवण करा.

मधल्या दिवसांत गोळी बंद करू नका. फिटच्या औषधात तर मुळीच नाही, एकदम थांबवल्यानेच फिट येऊ शकते. पूर्ण महिन्याची बाटली घ्यावी लागत नाही, थोड्या गोळ्या मागता येतात. आम्ही पदरचे पैसे टाकून दहा गोळ्या घेतल्या. अशा वेळी गल्ल्यावरची चिटोरी पुरत नाही. औषधाचं नाव, एनडीसी, डॉक्टर, संख्या, तारीख असलेली फार्मसीची पावती मागून घ्या. भरपाई मागायचा फॉर्म डीडी 2642, आणि अमेरिकेतल्या खरेदीसाठी मुदत एक वर्ष.

मंजुरीनंतर घ्यायचं कुठून? लष्करी तळावरच्या फार्मसीत कोपे शून्य, पण आपला ब्रँड त्यांच्याकडे आहे का ते फोन करून विचारा, नाहीतर पार्किंगमध्ये अर्धा दिवस जातो. 2024 मध्ये ब्रँडला घरपोच 90 दिवसांचे 38 डॉलर आणि दुकानात 30 दिवसांचे 43 पडायचे. 2026 पासून ते 44 आणि 48 झालेत. म्हणजे दुकानातून तीन महिन्यांचे 144, घरपोच 44. शिवाय रोजच्या बऱ्याच ब्रँड औषधांना दुकानातून दोनदाच कोपेवर मिळतं, मग घरपोच किंवा तळावरची फार्मसी, नाहीतर पूर्ण किंमत.

माझी स्वतःची गोष्ट मात्र याच्या अगदी उलट. थायरॉइडची 100 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली आणि अंगावर पित्त उठायला लागलं. लेकाच्या वेळी जिंकलेली मी, लगेच ब्रँडच्या मागे लागले. तळावरच्या फार्मासिस्ट बाईंनी बाटली हातात घेतली, पिवळी गोळी बघितली आणि म्हणाल्या, "रंग बघा. 50 ची गोळी पांढरी असते, तिच्यात रंगच नसतो. दोन घ्या." डॉक्टरांनी चिठ्ठी बदलून दिली, जेनेरिकच, आणि पित्त गेलं. ना फॉर्म, ना फॅक्स. साताऱ्याला अण्णांना फोनवर सांगितलं, तर ते हसले. त्यांना ईसीएचएसच्या (भारतातल्या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) पॉलिक्लिनिकमधून दर खेपेला वेगळ्याच नावाची गोळी मिळते, आणि ते पट्टीच्या मागचं औषधाचं नाव भिंग लावून वाचतात. "तू आत्ता शिकलीस होय?" म्हणाले.

भारतात जाणार असाल तर घरपोच औषध तिकडच्या पत्त्यावर येत नाही. निघायच्या महिनाभर आधी एक्सप्रेस स्क्रिप्ट्सला फोन करून प्रवासासाठी जादा पुरवठा मिळेल का विचारा. बाटल्या लेबलसकट न्या, गोळ्या पिशवीत ओतून नाही. आणि हँडबॅगेत ठेवा. आमची मोठी बॅग एकदा तीन दिवस उशिरा पुण्याला पोचली होती, तेव्हा गोळ्या माझ्या पर्समध्ये होत्या, चिवड्याच्या पुड्याखाली.