दमलेल्या संध्याकाळीही घरचे जेवण: बेताच्या पगारातले स्वयंपाकघर कसे लावावे

मोठ्या शहरात बेताच्या पगारावर राहणाऱ्याला काटकसरीचे सल्ले उदंड मिळतात. बहुतेक सल्ले बाजाराचे: स्वस्त कुठे मिळते, कधी घ्यावे, भाव कसा करावा. पण महिन्याचा हिशेब बिघडतो तो बहुधा संध्याकाळी, दोन वाहने बदलून घर गाठल्यावर, ‘आता कोण करत बसणार’ या वाक्याने. भाजीत आठवडाभर वाचवलेले सगळे बाहेरून मागवलेल्या एका जेवणात निघून जाते. भाडे आणि प्रवासखर्च आपल्याला फारसा हलवता येत नाही; जेवणाचा येतो. शिवाय अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली दाखवून दिले होते, की उत्पन्न जितके कमी, तितका त्यातला मोठा हिस्सा अन्नावर जातो. म्हणून स्वयंपाकघर लावायचे ते सुटीच्या दिवशीच्या उत्साही माणसासाठी नाही, संध्याकाळी आठला दमून आलेल्या माणसासाठी.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त लिहा

एक आठवडा काहीही बदलू नका. रोज दोनच गोष्टी टिपा: काय टाकून दिले आणि बाहेरचे खाल्ले असेल तर नेमके का. ‘भूक लागली होती’ हे कारण नव्हे. ‘भात होता, सोबत काही नव्हते’, ‘भांडी घासायची पडली होती’ ही कारणे. (घासायची भांडी हे फार मोठे कारण असते, आणि त्याकडे कोणी लक्ष देत नाही.) टाकलेल्या अन्नाची यादीही तितकीच बोलकी असते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये दुकाने, खानावळी आणि घरे मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले ६० टक्के घरांतले होते.

दुसरी पायरी: जेवण नको, पाया शिजवा

सात दिवसांच्या जेवणाचा तक्ता भिंतीवर लावण्याची कल्पना मला पटत नाही. बुधवारी उशीर होतो, गुरुवारी कोणी येते, आणि शुक्रवारची भाजी तक्त्यात हिरवी अन् फ्रिजमध्ये पिवळी होते. त्यापेक्षा सुटीच्या दिवशी दोन-तीन गोष्टी अर्ध्या वाटेवर आणून ठेवा: शिजवलेले कडधान्य, परतलेला कांदा-लसूण, उकडलेली अंडी. त्यांचे काय करायचे ते त्या त्या संध्याकाळी ठरते.

यात कडधान्याइतके उपयोगी काही नाही. कोरडे असताना ते महिनोन्महिने टिकते आणि शिजून वजनाने दुपटीहून जास्त होते. रात्रभर, साधारण आठ तास भिजवा. भिजवणाच्या पाण्यात चमचाभर मीठ घातले तर साल लवकर मऊ होते; मिठाने दाणे कडक राहतात हा समज खरा नाही. कडक ठेवते ते आंबट. म्हणून टोमॅटो, लिंबू, चिंच असले काहीही दाणा मऊ झाल्यावरच घाला. पाणी जड, म्हणजे क्षारांचे असेल तरीही दाणे लवकर शिजत नाहीत, हे लक्षात ठेवा.

राजम्याची गोष्ट वेगळी. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते आणि नुसत्या मंद आचेवर, न उकळता शिजवले तर ते जात नाही. किमान पाच तास भिजवायचे, ते पाणी फेकायचे आणि ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळायचे. किंवा सरळ कुकर लावायचा.

शिजलेले कडधान्य एका वेळेला लागेल तेवढ्या वाटण्या करून, पिशवीत सपाट पसरून फ्रीझरमध्ये ठेवा. सपाट थर पटकन सुटतो, गोळा सुटायला तास लागतो. फ्रीझर नसेल तर तीन दिवसांचेच शिजवा आणि उरलेल्या दिवसांसाठी मसुराची डाळ घरात असू द्या. ती न भिजवता, उघड्या भांड्यातही वीसेक मिनिटांत शिजते. उकडलेली अंडी कवचासकट फ्रिजमध्ये आठवडाभर राहतात.

तिसरी पायरी: आच कमी करा

पाणी एकदा उकळले की आच कितीही वाढवा, ते आणखी तापत नाही. फक्त वाफ जास्त होते. आणि वाफ महाग असते: बर्फाइतके गार पाणी उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला जाते. म्हणून उकळी आली की आच मंद आणि वर झाकण.

प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, त्यामुळे वेळ वाचतो. (हे तत्त्व दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्येच भांड्यात उतरवले होते.) पण दाब आला की काम झाले, त्यानंतरची मोठी आच शिटीतून बाहेर जाते. पहिल्या शिटीनंतर आच बारीक करा आणि शिट्या मोजण्याऐवजी घड्याळ बघा. अंडी उकडताना तर पाणी उकळल्यावर गॅस बंदच करा, झाकण ठेवा, बारा मिनिटांनी काढा.

चौथी पायरी: उरलेले नीट ठेवा

इथे काटकसर थांबते. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका. उकाडा बत्तीस अंशांच्या वर असेल तर एकच तास. फ्रिज पाच अंशांच्या खाली हवा. मोठे भांडे गरम तसेच आत ठेवले की मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, म्हणून उथळ डब्यांत वाटून ठेवा.

भाताला सर्वांत जपा. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात वासाला चांगला असला तरी टाका. फ्रिजमधला दुसऱ्या दिवशी संपवा. बाकी शिजवलेले पदार्थ तीन-चार दिवस चालतात. गरम करताना अगदी मधूनही वाफ आली पाहिजे.

बटाटे अंधारात ठेवा. उजेडात ते हिरवे पडतात, आणि त्या हिरवेपणासोबत वाढणारे विषारी द्रव्य शिजवून नाहीसे होत नाही. पालेभाजी आणल्या आणल्या धुऊ नका. कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा. पाकिटावर ‘बेस्ट बिफोर’ असेल तर ती तारीख चवीची असते, ‘यूज बाय’ असेल तर सुरक्षिततेची. पहिली उलटली म्हणून धान्याचे पाकीट फेकायची गरज नाही. दुसरी उलटली तर विचार करत बसू नका.

पाचवी पायरी: आता बाजारात जा

आधी घरातले बघून यादी करा आणि भाव नेहमी किलोमागे तपासा. मोठे पाकीट दर वेळी स्वस्त पडतेच असे नाही. भाजीचा भाव तर पोटात जाणाऱ्या वजनावर काढायला हवा. शेंगांतल्या मटारचे निम्मे वजन सालींतच जाते, त्यामुळे सोललेला गोठवलेला मटार महाग दिसून स्वस्त निघू शकतो. नाशवंत वस्तू तीन-चार दिवसांपुरत्याच घ्या. सुटे सामान मोठ्या प्रमाणात घ्यायचे तर शेजाऱ्यासोबत वाटून. लहान खोलीत जागेलाही भाडे पडतेच.

आणि दमलेल्या संध्याकाळी? कांदा-लसूण गरम करा, डाळ किंवा कडधान्य घाला, फ्रिजमध्ये जी भाजी आधी खराब होईल ती चिरून टाका, वर अंडे फोडा. एकच भांडे, पंधरा मिनिटे. आठवड्यातून एकदा बाहेर जेवायचेच असेल तर जरूर जेवा, पण तो दिवस आधी ठरवा. थकवा आल्यावर नको.

काही पैसे वाचू लागले की पहिला खर्च धारदार सुरी आणि जाड बुडाच्या एका भांड्यावर करा. पातळ बुडाला अन्न लागते, आणि घासायचे भांडे किती महाग पडते ते पहिल्या आठवड्याच्या टिपणात दिसलेच असेल. कुकरच्या बाजूने वाफ येत असेल तर नवा कुकर घेऊ नका, आधी रबराची रिंग बदलून बघा.