टिळकवाडीत घर पाहायला जाताना

बेळगावात टिळकवाडीमध्ये भाड्याने किंवा विकत घर घ्यायचे मनात असेल, तर ते घर जुलैमध्ये पाहावे आणि चालत जाऊन पाहावे. डिसेंबरात ही वस्ती कोणालाही भुरळ घालते. सकाळी विरळ धुके असते, अकराच्या सुमारास कोवळे ऊन पडते, आणि दोन्ही बाजूंच्या झाडांची सावली रस्त्याच्या मध्यावर एकमेकींना भेटते. मीही डिसेंबरातच घर पाहिले आणि त्याच दिवशी होकार कळवला. शेजारच्या अक्कांनी फाटकाशी उभ्या राहून एवढेच विचारले होते, "पावसात बघितलासा काय घर?" जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्या प्रश्नाचा अर्थ मला कळला. पश्चिमेच्या भिंतीवर आतून बशीएवढा ओला डाग उमटला, आठवड्याभरात तो ताटाएवढा झाला, आणि भिंतीला टेकवलेले कपाट ओढून पाहिले तेव्हा त्याच्या मागच्या फळीवर राखाडी बुरशीचा जाड थर होता.

याचे कारण बेळगावच्या जागेत आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, सह्याद्रीचा माथा पश्चिमेला फार दूर नाही, आणि जूनपासून नैऋत्येचे वारे तो माथा ओलांडून थेट इकडे येतात. खानापूरकडे पाऊस याहून पुष्कळ जास्त आणि गोकाककडे पुष्कळ कमी. बेळगाव या दोहोंच्या मध्ये आहे. त्यामुळे येथे मुसळधार सरींपेक्षा दिवसेंदिवस न थांबणारी बारीक झड अधिक अनुभवाला येते. जुलै-ऑगस्टमध्ये ढग हटत नाहीत, भरदुपारीही हवा गारच राहते, आणि एकदा ओली झालेली भिंत सुकायला ऊनच मिळत नाही. म्हणून घरात शिरल्यावर दिवाणखान्याची सजावट पाहण्याआधी पश्चिम आणि नैऋत्य बाजूच्या भिंतींना आतून तळहात लावून पाहावा, कपाटांच्या मागे डोकवावे, आणि रंग नुकताच दिलेला असेल तर तो का दिला हे मोकळेपणाने विचारावे. जुन्या बंगल्यांच्या कौलांचा उतार भिंतीच्या बराच पुढे आलेला असतो आणि त्यामुळे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात; नव्या सपाट स्लॅबच्या इमारतींना ही सोय नसते, तेव्हा तेथे खिडक्यांवर पुरेसे छज्जे आहेत का आणि पश्चिमेकडे पत्रा मारलेला आहे का, हे पाहावे.

झाडे हे टिळकवाडीचे वैभव आहे. एप्रिलच्या दुपारी काँग्रेस रस्त्याच्या उन्हातून एखाद्या आतल्या गल्लीत वळले की अंगाला लागणारा फरक ज्याने अनुभवला आहे, त्याला तो पटवून द्यावा लागत नाही. तरीही घर घेताना झाड नीट पारखावे. गुलमोहर मे महिन्यात डोळ्यांचे पारणे फेडतो, पण त्याचे लाकूड ठिसूळ असते, आणि एप्रिल-मेच्या वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या कडाडून खाली येतात. त्याच्याखाली गाडी उभी करण्याची सवय लावून घेऊ नये. आंबा किंवा फणस परसात असावा, पण भिंतीला चिकटलेला नसावा, कारण दाट झाड पावसाचा मारा अडवते तसेच पाऊस ओसरल्यावर येणारे ऊनही अडवते. मेअखेरीस पन्हळीतला पाला स्वतः उभे राहून काढून घ्यावा. झाड अडचणीचे वाटले, तरी कर्नाटकाच्या १९७६च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार, सूट दिलेल्या काही जाती वगळता, ते परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि ही तरतूद मला अत्यंत योग्य वाटते. एक बंगला पाडून तेथे चार मजली इमारत उभी राहते, तेव्हा आवारातली पाच-सहा जुनी झाडे जातात आणि त्यांच्या जागी वाहने उभी राहतात. मग त्या गल्लीतला उन्हाळा पूर्वीचा राहत नाही. म्हणून ज्या घराच्या मालकांनी झाड राखून खोल्या बांधल्या आहेत, त्या घराला मी नेहमी झुकते माप देईन.

पाण्याची चौकशी मात्र मे महिन्यात करावी. नळाला पाणी किती दिवसांनी येते आणि टाकी किती दिवस पुरते, हे मालकांऐवजी समोरच्या घरी विचारावे. आवारात विहीर असेल तर मेमध्ये तिचा तळ पाहावा. १९२४च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन याच परिसरात भरले, तेव्हा प्रतिनिधींच्या पाण्यासाठी विहीर खोदावी लागली होती. पंपा सरोवर म्हणून ओळखली जाणारी ती काँग्रेस विहीर आजही पाहता येते. गांधीजींनी काँग्रेसचे अध्यक्षपद एवढ्या एकाच अधिवेशनात भूषवले, त्यामुळे नव्या रहिवाशाने पहिल्या आठवड्यातच तेथे जाऊन यावे, असे मी आवर्जून सांगेन.

रेल्वे फाटकांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. येथे पत्ता सांगतानाही पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट असेच सांगतात. मुलांची शाळा रुळांच्या एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला असेल, तर सकाळच्या वेळी ते अंतर एकदा स्वतः जाऊन मोजावे.

शेवटी माणसे. लोकमान्यांच्या नावाच्या या वस्तीत निवृत्त शिक्षक, डॉक्टर, व्यापारी आणि राणी पार्वतीदेवी महाविद्यालयाच्या आसपास खोल्या घेऊन राहणारे विद्यार्थी एकत्र नांदतात. एकाच गल्लीत मराठी, कन्नड आणि कोंकणी कानांवर पडते. मराठी घरातल्या काकू भाजीवालीशी कन्नडमध्ये भाव ठरवतात, आणि तीच भाजीवाली पुढच्या फाटकाशी मराठीत हाक मारते. आपल्याला कन्नड येत नसेल तर निदान "बर्री, कुंद्री" एवढे शिकून घ्यावे; दारात आलेल्या माणसाला त्याच्या भाषेत 'या, बसा' म्हटले की पुढचे बोलणे सोपे होते. मालमत्तेची सरकारी कागदपत्रे कन्नडमध्ये असतात, तेव्हा विकत घेताना खात्याचा, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी नोंदीचा, उतारा कन्नड उत्तम वाचणाऱ्या जाणकाराकडून ओळन् ओळ वाचून घ्यावा, केवळ तोंडी सारांशावर सही करू नये.

वस्तीची खरी माहिती हवी असेल तर सकाळी सहाला व्हॅक्सिन डेपोच्या, म्हणजे येथल्या जुन्या लस-संस्थेच्या, आवारात फिरायला जावे. जुन्या झाडांखालून रोज चालणारी तेथली मंडळी अनोळखी माणसालाही दोन फेऱ्यांत आपलेसे करतात. कोणत्या गल्लीत पावसाचे पाणी तुंबते, कोणत्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहते, कोणते घर वर्षाआड भाडेकरू बदलते, हे त्यांना तोंडपाठ असते. आपण पाहिलेल्या घराचा पत्ता तेथे सांगावा आणि ते काय म्हणतात ते शांतपणे ऐकून घ्यावे. माझ्या पश्चिमेच्या भिंतीचा डाग त्यांतल्या दोघांना माझ्या आधीपासून माहीत होता.