दाखल्यासाठी ऑनलाइन अर्ज करताना या चुका टाळा

‘आपले सरकार’ पोर्टलमुळे तहसील कार्यालयातील रांग आखूड झाली, हे खरे. परंतु सेवा सुधारते ती संगणकामुळे नव्हे, तर कालमर्यादेमुळे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ या कायद्याने अधिसूचित सेवांना ठरावीक मुदत बांधून दिली आणि ऑनलाइन अर्जामुळे ती मुदत कोणालाही मोजता येऊ लागली. सांगली जिल्ह्यात जून उजाडला की जे पालक माझ्याकडे रडकुंडीला येतात, त्यांपैकी बहुतेकांनी मोजण्याचे हे साधनच हातचे घालवलेले असते.

सर्वांत घातक चूक म्हणजे अर्ज भरून देणाऱ्या केंद्राच्या चालकाला अर्जात स्वतःचा मोबाइल क्रमांक टाकू देणे. तासगाव तालुक्यातील एका द्राक्षबागायतदाराने मुलीच्या नॉन-क्रीमीलेअर दाखल्यासाठी एका केंद्रावर अर्ज भरला आणि ओटीपीची कटकट नको म्हणून चालकाने स्वतःचाच क्रमांक दिला. उत्पन्नाचा पुरावा अस्पष्ट असल्याचा शेरा मारून अर्ज परत आला, पण तो संदेश शेकडो संदेशांच्या ढिगात चालकाच्या फोनवर पडून राहिला. वडील कार्यालयात हेलपाटे घालत होते. तेथे ‘अर्ज आमच्याकडे नाही’ असे उत्तर मिळत होते, आणि ते खोटेही नव्हते. पावतीवरील क्रमांकावरून स्थिती पाहिली तेव्हा उलगडा झाला. तोवर कागदपत्रे सादर करण्याची मुदत संपली होती. ‘तुम्ही जावा, मी बघतो’ असे म्हणणाऱ्याच्या हाती कागद सोपवून घरी जाणाऱ्यांविषयी मला फारशी सहानुभूती वाटत नाही. ओटीपी स्वतःच्या फोनवर आल्याशिवाय मी खुर्चीवरून उठत नाही, आणि अर्ज क्रमांक शिधापत्रिकेच्या आतल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवतो, कारण पावती हरवते, शिधापत्रिका सहसा हरवत नाही.

महाभूलेख या जमिनीच्या नोंदींच्या संकेतस्थळावरील विनास्वाक्षरी सातबारा केवळ माहितीसाठी असतो. बँकेत किंवा कार्यालयात द्यायचा उतारा डिजिटल स्वाक्षरीचाच घ्यावा. आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवरील नावांत फरक असेल, तर तो अर्जापूर्वी दुरुस्त करावा. शेवटच्या रात्री सर्व्हर बंद पडला अशी तक्रार करणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही.

मुदत उलटल्यावर ओळखीचा माणूस शोधत फिरणे, ही दुसरी मोठी चूक होय. ‘साहेब नाराज होतील’ या भीतीने लोक अपील करत नाहीत, आणि मग पोर्टल कुचकामी आहे असे गावभर सांगतात. वास्तविक मुदतीत सेवा न मिळाल्यास किंवा ती नाकारली गेल्यास तीस दिवसांच्या आत त्याच विभागातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते, त्यानंतर दुसरे, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे. पुरेशा कारणाविना कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मी अपिलात कोणाच्या वागणुकीविषयी अवाक्षर काढत नाही. अर्ज क्रमांक, अर्जाचा दिनांक आणि मुदत संपल्याचा दिनांक, एवढेच लिहितो.